परसातील कोंबड्यांची घरघर आणि शिंका: औषधाआधी काय पाहावे, औषधानंतर काय करावे

बेळगावकडील खानापूर तालुक्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या परसात बावीस कोंबड्या होत्या. त्यांतल्या बहुतेक गावठी आणि काही गिरिराज या सुधारित जातीच्या. दिवाळीनंतर त्यांनी आठवड्याच्या बाजारातून सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. आठ-दहा दिवसांनी नव्यांपैकी दोन तलंगा शिंकू लागल्या. पुढे रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येऊ लागली, काहींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसू लागला, एकीचा डोळा सुजून मिटला, अंडी निम्म्यावर आली आणि पंधरा दिवसांत एक तलंग दगावली. दुकानातून आणलेली पावडर दोन दिवस पाण्यातून दिल्यावर उतार पडला, पण ती थांबवताच घरघर परत सुरू झाली. हा कोणता रोग, अंडी खावीत का, आणि कळप ठेवावा की काढून टाकावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला सर्वांत अधिक संशय येतो तो मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचा, ज्याला कुक्कुटपालक सीआरडी म्हणून ओळखतात. याची खात्री रक्ततपासणी किंवा घशातील स्रावाची प्रयोगशाळेतील तपासणीच देऊ शकते. परंतु तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची आवश्यकता नाही, कारण कोंबड्यांच्या श्वसनरोगांत लक्षणांपेक्षाही त्यांचा वेग आणि क्रम अधिक बोलका असतो, आणि आपण तो क्रम नीट टिपून ठेवला आहे.

शिंक, नाकातून पाणी, घरघर आणि चोच उघडून घेतलेला श्वास या चार गोष्टी निदान सात-आठ निरनिराळ्या रोगांत दिसतात, त्यामुळे केवळ त्यांवरून रोगाचे नाव सांगणारा माणूस अंदाजच बांधत असतो. वेग मात्र फसवत नाही. संसर्गजन्य ब्राँकायटिस हा विषाणूजन्य रोग एक-दोन दिवसांत संपूर्ण खुराडे व्यापतो. काल एक शिंकत होती आणि आज सगळ्याच शिंकतात, शिवाय नंतर कित्येक आठवडे वेडीवाकडी, सुरकुतलेल्या कवचाची आणि आत पाण्यासारखा पांढरा बलक असलेली अंडी येत राहतात. कोरायझा हा जिवाणूजन्य रोगही असाच उतावळा असतो. संसर्ग झाल्यापासून एक ते तीन दिवसांत तोंड सुजते, नाकातून चिकट स्राव येतो आणि त्याला अशी दुर्गंधी असते की एकदा तिचा अनुभव घेतलेला माणूस खुराड्याचे दार उघडताच ती ओळखतो. मायकोप्लाझ्मा याच्या उलट सावकाश चालतो. संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी तो प्रकट होतो, एकीकडून दुसरीकडे रेंगाळत जातो, मोठ्या कोंबड्या फारशा मारत नाही, पण अंडी घटवतो, अंगावरचे मांस उतरवतो आणि हवामान बदलले की पुन्हा डोके वर काढतो. आपल्याकडील आठ-दहा दिवसांचे अंतर, डोळ्यांतील फेस, थोडी मर आणि औषध थांबवताच परतलेली घरघर हे सर्व त्याच दिशेने बोट दाखवते. एकच डोळा सुजून मिटला आहे, त्यामुळे कोरायझाची भेसळ नाकारता येत नाही. परसातील कळपात दोन रोग एकत्र नांदणे ही नवलाची गोष्ट नाही.

आता आज रात्री एक काम करावे. कोंबड्या खुराड्यात बसून शांत झाल्यावर, दिवा न लावता, जवळ जाऊन पाच मिनिटे केवळ ऐकावे. दिवसा चरताना दबून राहणारा आवाज रात्री स्पष्ट येतो आणि किती कोंबड्या बाधित आहेत याचा खरा अंदाज तेव्हाच लागतो. मग एकेक कोंबडी हळूच उचलून तिची पाठ कानाशी धरावी. श्वासाबरोबर बुडबुड्यांसारखा ओला आवाज येत असेल तर श्वासनलिकेत स्राव साचला आहे असे समजावे. टॉर्चच्या उजेडात नाकपुड्यांवर अंगठ्याने हलका दाब द्यावा आणि जे बाहेर येईल ते पाण्यासारखे आहे, घट्ट आहे की वास मारणारे आहे, ते पाहावे. पंखांची खांद्याजवळची पिसे पाहण्यास विसरू नये, कारण नाक गळणारी कोंबडी ते पिसांनाच पुसते आणि त्या जागी मळकट, चिकटून कडक झालेला पट्टा तयार होतो. डोळे स्वच्छ दिसत असूनही हा पट्टा असेल तर ती कोंबडी काही दिवसांपासून आजारी आहे. चोच उघडून घशात डोकवावे. पिवळसर, खरवडल्यास रक्त येणारे पापुद्रे असतील तर तो देवी रोगाचा घशातील प्रकार असू शकतो. डास वाढले की देवी पसरते, हे आपल्या घाटाकडच्या पावसाळी गावांत सर्वांच्या परिचयाचे आहे. शेवटी छातीचे हाड चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे हाताला लागत असेल तर आजार अंगात मुरला आहे.

प्रत्येक आजारी कोंबडीच्या पायात रंगीत दोरा बांधावा आणि घरातील कॅलेंडरवर तारखेसमोर किती शिंकतात, किती अंडी आली आणि कोण मेली एवढे लिहीत जावे. पशुवैद्यकाला या नोंदीचा जितका उपयोग होतो, तितका तपशील चांगला शिकलेला मालकही तोंडी सांगू शकत नाही.

दोन रोग मात्र असे आहेत की त्यांच्या बाबतीत नोंदी करत थांबणे योग्य नाही. पहिला राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो आणि सरकारी दवाखान्याच्या कन्नड फलकांवर जो कोक्करे रोग या नावाने असतो. घरघरीबरोबर हिरवी हगवण, मान वाकडी होणे, पंख किंवा पाय लुळा पडणे आणि लस न दिलेल्या कळपात तीन-चार दिवसांत धडाधड मर, असे चित्र दिसले तर तो राणीखेत समजावा. यावर औषध नाही. ज्या कोंबड्या अजून पूर्ण निरोगी आहेत त्यांना तातडीने लस द्यावी की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाने प्रत्यक्ष पाहून घ्यावा. दुसरा बर्ड फ्लू. आपल्या देशात त्याचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला, आणि तेव्हापासून कोंबडी शिंकली तरी लोकांच्या मनात तोच येतो. आपल्याकडील सावकाश चाललेला आजार तसा दिसत नाही. परंतु कसलेही लक्षण न दाखवता एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारे मांस) निळसर पडले, डोके सुजले किंवा परिसरात कावळे आणि पाणपक्षी मरून पडू लागले, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, कापू नये, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार अशी माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. कळवले तर सगळ्या कोंबड्या नेतील या भीतीने गप्प राहणारे घर साऱ्या गावाला धोक्यात घालते.

मेलेल्या तलंगेचे शवविच्छेदन झाले असते तर अर्धे कोडे तेव्हाच सुटले असते. बर्ड फ्लूचा संशय नसताना एखादी कोंबडी मेली, तर ती दोन पिशव्यांत गुंडाळून, बर्फात ठेवून परंतु न गोठवता, काही तासांच्या आत दवाखान्यात पोहोचवावी. वायुकोश स्वच्छ आणि पारदर्शक आहेत की त्यांत पिवळी, चक्क्यासारखी घाण साचली आहे, एवढे पाहूनही पशुवैद्यकाला बरेच कळते. ज्या कोंबड्या नेणे शक्य नाही त्या कुत्रे उकरून काढणार नाहीत इतक्या खोल, म्हणजे किमान तीन फूट खड्ड्यात, वर चुना टाकून पुराव्यात. ओढ्यात किंवा मलप्रभेच्या पात्रात टाकण्याची सवय अजूनही काही ठिकाणी आहे. ती आपल्याच खालच्या अंगाच्या गावाला रोग पाठवते.

खुराड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण औषधाइतकेच, किंबहुना अधिक, काम तिथे करायचे असते. आपल्याकडील जुनी खुराडी दगडमातीची, भिंतीला टेकलेली, बुटकी आणि एकाच लहान दाराची असतात. मुंगूस आणि रानमांजर यांच्यापासून संरक्षण म्हणून ती उत्तम आहेत, परंतु हवेच्या दृष्टीने फार वाईट. थंडी पडली की त्या एकमेव दारालाही गोणपाट लावले जाते. सहाच तलंगा वाढल्या असे आपल्याला वाटेल, पण तेवढ्याच जागेत, तेवढ्याच हवेत, एक चतुर्थांशाहून अधिक श्वास वाढले. विष्ठेतून निघणारा अमोनिया श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांना निकामी करतो, आणि धूळ व जंतू बाहेर ढकलण्याचे काम त्या केसांचेच असते. सकाळी दार उघडण्याच्या वेळी गुडघे टेकून आपला चेहरा कोंबडीच्या उंचीवर न्यावा. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबले तर तिथला अमोनिया कोंबड्यांना बाधण्याच्या पातळीवर पोहोचला आहे. उभ्याने वास घेऊन हे कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. छपराखाली, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, दोन समोरासमोरच्या भिंतींना हातभर लांबीच्या फटी ठेवून त्यांना बारीक जाळी लावावी. त्यामुळे गरम, ओली हवा वरून निघून जाते आणि अंगावर थेट वारा येत नाही. थंडीला कोंबडी घाबरत नाही. ती घाबरते ओलाव्याला आणि झोताला. खाली भाताचे तूस किंवा कोरडा भुसा चार बोटे जाडीचा अंथरावा, ओला झालेला भाग रोज खरडून काढावा. ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु चुन्याने विष्ठेतील अमोनिया आणखी वेगाने सुटतो, म्हणून कोंबड्या आत असताना ते करू नये. खुराडे पूर्ण रिकामे करून, घासून, वाळवल्यानंतर भिंतींना चुना जरूर लावावा. तूसही पारखून घ्यावे. पावसात भिजून वाळलेल्या, कुबट वासाच्या तुसात किंवा पेंढ्यात जी बुरशी असते, तिच्यामुळे पिल्लांना फुप्फुसाचा बुरशीजन्य रोग होतो. त्यात पिल्ले आवाज न करता धापा टाकतात आणि कोणत्याही प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. जांबोटी-कणकुंबी भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिल्लांची अशी मर झाली तर मी आधी तूस आणि खाद्याचे पोते पाहतो, मग पिल्लू.

उकिरड्यावर गांडुळे खाणारी लहान पिल्ले मान ताणून जांभया दिल्यासारखी चोच उघडत असतील तर श्वासनलिकेतील लाल जंतांचाही विचार करावा. त्यावर जंतनाशक लागते, प्रतिजैविक नव्हे. आपला प्रश्न मोठ्या कोंबड्यांचा असल्याने तो विषय इथेच सोडतो.

औषधाकडे वळतो. दुकानातील पावडर कोणती होती हे आपण लिहिलेले नाही, तरी दोन दिवसांत उतार आणि बंद करताच पुन्हा उठाव, यावरून ती बहुधा योग्य गटातील असावी, पण कालावधी अपुरा पडला. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवर काम करणारी पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन ही औषधे त्याच्यावर चालतच नाहीत. घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. उपयोगी पडतात ती टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन यांसारखी औषधे, आणि तीही पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. टायलोसिनचे सामान्य प्रमाण एक लिटर पाण्यास मूळ औषध अर्धा ग्रॅम, तीन ते पाच दिवस असे असते, परंतु बाजारातील पावडरींत मूळ औषधाचे प्रमाण वेगवेगळे असल्यामुळे चमच्याचा हिशेब पाकिटावरील मजकूर पाहून पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावा. ब्रॉयलरचे तयार खाद्य आपण देत असाल तर ते आवर्जून सांगावे. त्यात रक्ती हगवणीवरचे सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन मिसळलेले असेल आणि वरून टायाम्युलिन हे प्रतिजैविक दिले गेले तर कोंबड्यांचे पाय जाऊन त्या मरू शकतात. कोलिस्टिन हे औषध, ज्यांचे मांस, दूध किंवा अंडी माणूस खातो अशा जनावरांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे, तरी जुन्या साठ्यातून कोणी दिले तर घेऊ नये.

परसातील कोंबड्यांना पाण्यातून औषध देण्यात एक अडचण असते, जी पाकिटावर कधीच लिहिलेली नसते. आपण सकाळी औषधाचे पाणी पातेल्यात भरून खुराड्याजवळ ठेवतो, कोंबड्या बाहेर पडतात आणि थेट भांडी घासण्याच्या मोरीवर, गोठ्यातल्या डोणीवर किंवा शेजारच्या नळाखालच्या डबक्यावर जाऊन पाणी पितात. संध्याकाळी पातेले जवळपास तसेच भरलेले असते आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार येते. म्हणून उपचाराचे सर्व दिवस कोंबड्या जाळीच्या आवारात बंद ठेवाव्यात, दुसरे कोणतेही पाणी मिळू देऊ नये, आणि औषधाचे पाणी रोज सकाळी ताजे करावे. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, थंडीत त्याहूनही कमी, त्यामुळे आपल्या कळपाला पाच-सहा लिटर पुरेसे आहे; बादलीभर करून त्यातले निम्मे फेकण्यात अर्थ नाही. टेट्रासायक्लिन गटातील औषध असेल तर त्या दिवसांत शिंपल्याचा चुरा आणि चुना बंद ठेवावा, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकते. अथणी-चिकोडीकडील कूपनलिकेच्या जड पाण्यातही हेच घडते, म्हणून तिकडील मंडळींनी शक्यतो साठवलेले पावसाचे किंवा नदीचे पाणी वापरावे. जी कोंबडी पाणीच पीत नाही तिला वेगळे काढून पशुवैद्यकाकडून इंजेक्शन द्यावे लागते.

सुजलेला डोळा कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा पुसावा. आतील घट्ट खडा नखाने उकरून काढण्याचा मोह टाळावा. खाद्यात हिरवा पाला वाढवावा. शेवग्याचा पाला, पालक, गाजर जे हाताशी असेल ते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे आणि घसा यांचे आतील आवरण कमकुवत होते आणि केवळ तांदळाच्या कण्यांवर पोसलेल्या कळपात ही उणीव बऱ्याचदा असते. हळद, लसूण, ओवा यांबद्दल मला नेहमी विचारतात. खाद्यात थोडे मिसळल्याने नुकसान नाही, परंतु रोग बरा होत नाही, आणि त्यांच्या भरवशावर पहिले चार दिवस जातात हे खरे नुकसान. नाकपुडीत रॉकेलचा थेंब टाकणे, घशात तेल ओतणे आणि खुराड्यात धुरी करणे हे तिन्ही प्रकार मात्र निखालस वाईट आहेत. घशात ओतलेले तेल फुप्फुसात उतरते, आणि आधीच श्वासाला महाग झालेल्या कोंबडीला धूर देण्यात कोणते शहाणपण आहे हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

अंड्यांच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम माणसाला बाधत नाही, त्यामुळे रोगाच्या कारणाने अंडी टाकून देण्याची गरज नाही. औषधाच्या कारणाने मात्र आहे. अंड्यातील पिवळा बलक सुमारे दहा दिवस भरत असतो आणि या काळात कोंबडीच्या रक्तातील औषध त्यात साठत जाते. म्हणून आज औषध बंद केले आणि उद्याचे अंडे शुद्ध झाले असे होत नाही. पाकिटावर अंड्यांसाठी जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत आणि विकू नयेत; तसा उल्लेखच नसेल तर ते औषध अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नाही असे समजून पशुवैद्यकाला विचारावे. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मी अंड्यावरच्या कोंबड्यांना देत नाही. आजारी कोंबडी मरण्याआधी कापून खाण्याची घाईही करू नये. आणि कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, विशेषतः राणीखेतचा संशय असल्यास, कारण त्याच्या विषाणूने माणसाचे डोळे काही दिवस लाल होऊ शकतात.

कळप ठेवावा की काढावा, हा आपला सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर औषधाच्या पाकिटात नाही. मायकोप्लाझ्मा झालेली कोंबडी दिसायला बरी होते, पण जंतू तिच्या शरीरात आयुष्यभर राहतो. कोरायझा आणि श्वासनलिकेचा नागीण गटातील विषाणूजन्य रोग यांतही बऱ्या झालेल्या कोंबड्या रोग वाहत राहतात. औषधाने कळप निर्जंतुक होत नाही, केवळ शांत होतो. आपल्या परिस्थितीत, म्हणजे घरच्या अंड्यांपुरता कळप असताना, मी तो काढून टाकण्याचा सल्ला देणार नाही. उपचार पूर्ण करावा, ज्यांची छाती धारदार झाली आहे आणि ज्या पाच दिवसांच्या औषधानंतरही तोंड उघडून श्वास घेतात त्यांना वेदना न देता संपवावे, आणि उरलेला कळप बंद करावा. म्हणजे त्यात नवी कोंबडी येणार नाही आणि त्यातली जिवंत कोंबडी बाहेर जाणार नाही. वय होत जाईल तसा तो आपोआप ओसरेल. शेवटची कोंबडी गेल्यावर खुराडे घासून, चुना लावून तीन आठवडे रिकामे ठेवावे. हे जंतू कोंबडीच्या शरीराबाहेर फार दिवस तग धरत नाहीत, त्यामुळे रिकामेपण हेच तिथे सर्वांत स्वस्त औषध असते. आपल्या शेजारी कोणाची पोल्ट्री असेल किंवा आपण पिल्ले विकण्याचा व्यवसाय करत असाल तर माझे उत्तर उलट असेल: संपूर्ण कळप एकदम काढावा.

बाहेर जाणार नाही, यावर माझा भर आहे, कारण आपल्याकडे हा रोग आला तो वाऱ्याने नव्हे, बाजाराने. कोंबडी सुस्तावली, अंडी कमी झाली की मरण्याआधी ती विकून मोकळे व्हायचे ही आपल्या भागातील जुनी रीत आहे, आणि लक्ष्मीच्या यात्रेचा हंगाम आला की मागणीमुळे तशा कोंबड्याही खपून जातात. आपल्या सहा तलंगा बहुधा अशाच एखाद्या घरातून निघाल्या असाव्यात. आता आपणही त्यांना बाजार दाखवला, तर कोणा तरी दुसऱ्या घरी हाच प्रश्न उभा राहील. सीमाभागात तर सोयरिकीमुळे कोंबड्या चंदगडहून इकडे आणि इकडून तिकडे सहज जातात. डालग्यात बांधलेल्या कोंबडीला राज्याची हद्द कोणी विचारत नाही.

पुढे कधी नवीन कोंबडी आणावी लागलीच तर तिला परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यात खाद्यपाणी देऊन, तीन ते चार आठवडे ठेवावे. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे आणि शेवटी तिचे काम करावे, म्हणजे आपल्याच चपलांनी आणि हातांनी रोग उलटा जाणार नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत आपली एक कमी मोलाची कोंबडी तिच्यासोबत सोडून पाहावी. ती शिंकली नाही तर बाकीच्यांशी गाठ घालण्यास हरकत नाही. ही युक्ती बंद आणि निरोगी कळपासाठी आहे. आपल्या आताच्या कळपात आणलेली कोणतीही निरोगी कोंबडी आजारीच पडेल.

लसीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक सावधगिरी सांगतो. घरघर चालू असताना राणीखेतची जिवंत लस देऊ नये, कारण मायकोप्लाझ्मा असलेल्या कोंबड्यांना तिची प्रतिक्रिया तीव्र येते आणि मग लसीनेच कोंबड्या मेल्या असा बोभाटा होतो. कळप शांत होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर, आधी जंतनाशक देऊन, उन्हाळ्याच्या तोंडावर लस पूर्ण करावी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब घालून लासोटा किंवा एफ-१, आणि आठ आठवड्यांचे झाल्यावर कातडीखाली आर-टू-बी, असा साधारण क्रम असतो. आर-टू-बीची बाटली बहुधा शंभर मात्रांची येते आणि विरघळवल्यानंतर दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वीस-पंचवीस कोंबड्यांसाठी एकटीने आणण्यापेक्षा गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, बर्फ घातलेल्या थर्मासमधून ती आणावी आणि पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच टोचून घ्यावी. शेजाऱ्यांच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर आपला खर्च अर्धा वाया जातो.

शेवटची बाब उबवणीच्या अंड्यांची. या कळपाची अंडी औषधाचा कालावधी संपल्यावर खाण्यास चालतील, परंतु खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत आणि माहेरी किंवा शेजारी कोणी रवणीसाठी (उबवायला) मागितली तरी देऊ नयेत, कारण मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो आणि ते पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येते. पुढच्या पिढीसाठी, खुराडे रिकामे ठेवण्याचा काळ संपल्यावर, ज्यांच्या मूळ कळपाची मायकोप्लाझ्मासाठी तपासणी होते अशा उबवणी केंद्रातून एका दिवसाची पिल्ले आणावीत. गिरिराज, स्वर्णधारा किंवा कावेरी यांपैकी जे मिळेल ते. खरेदीआधी तपासणीचा कागद मागावा, आणि तो दाखवण्यास टाळाटाळ झाली तर दुसरे केंद्र शोधावे.